चौदा नंबरची मोकळी जागा

अहिल्यानगर
१८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप कानिफनाथमामांस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे खुर्चीत बसूनच, पण भाव खरा आहे.

फोन केला की तुम्ही "हॅलो" म्हणता, मग "बरं बरं" म्हणता आणि ठेवून देता. मी बोललेलं तुम्हाला ऐकूच आलं नाही, हे मला नंतर मामींकडून कळतं. आई सांगते, कानाचं मशीन तुम्ही फक्त सणासुदीला लावता, सेल वाचावेत म्हणून. त्यामुळे हे पत्र.

बातमी अशी, की तिसगाव परिसरातल्या गावांचा 'हरित आराखडा' करायचं काम आमच्या ऑफिसला मिळालंय आणि तुमचं गाव परवेझ सरांनी चक्क माझ्या गळ्यात घातलंय. हरित आराखडा म्हणजे कसं, रस्ते आणि गटारं आखतात तशीच झाडं, ओढे, तळी, गायरानं आधी आखून ठेवायची. पाणी कुठून येईल, कुठं मुरेल, सावली कुठं पाहिजे. आणि हे ठरवणार कोण, तर जिच्या गॅलरीत कोरफडसुद्धा वाळली ती मुलगी. कोरफड, मामा! तिला मारायला अंगात गुण लागतो.

गेल्या आठवड्यात मी पाहणीला येऊन गेले. तुम्ही पाथर्डीला लग्नात होता. ओढ्याच्या उजव्या अंगाला गायरानात सपाट, उंचावरची जागा आहे, ती मला बघताक्षणी आवडली. ड्रोन उडवून फोटो घेतले. तिथं बावीस जुन्या घरांच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत, छप्पर एकावरही नाही, दारांना काट्या लावलेल्या. एका खोलीवर तेवढे पत्रे होते, तो शेळ्यांचा गोठा. माणूस कोणी नाही. कागदावरही तिथं काही नोंद नाही. मी लिहिलं, 'पडीक अवशेष, मोकळी जागा.' नकाशात तिला चौदा नंबर दिला आणि तिथं पाझर तळं, भोवती झाडी, बसायला दगडी बाक, असं सगळं आखून टाकलं. सर पहिल्यांदाच माझ्या कामाला "छान" म्हणाले.

शेळ्या राखणाऱ्या एक आजी भेटल्या, लंकाबाई. त्यांना मी पंचवीस प्रश्न विचारले. हे झाड कोणतं, ते कोणतं, पाणी कुठवर येतं, पक्षी कुठले. सगळं त्यांनी न कंटाळता सांगितलं. त्यांचा शेळीसकट फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकणार आहे.

आता ग्रामसभेचा ठराव हवाय. गावात अजून गुरुजींचा शब्द चालतो म्हणतात. तेवढं बघाल?

तुमची भाची,
अश्विनी


२८ जानेवारी २०२५

चि. अश्विनीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक तुझ्या कोरफडीच्या आत्म्याला.

तुझा ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत एकमताने मंजूर झाला. सूचक मीच. भाषणही केलं, चांगलं बावीस मिनिटं. 'वृक्ष आणि आपण' हे भाषण मी शाळेत एकतीस वर्षं केलंय, त्यामुळे उचलली जीभ लावली टाळ्याला. टाळ्या पडलेल्या दिसल्या. ऐकू आल्या नाहीत, कारण मशीनचा सेल झेंडावंदनालाच संपला होता. हे मामीला कळवू नकोस.

सभेला माणसं बेताचीच होती. या दिवसांत अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, तुला ठाऊक असेलच. नकाशा भिंतीला लावला होता. माझा चष्मा जवळचा आणि नकाशा लांब. पण रंग हिरवा होता एवढं दिसलं, आणि हिरव्याला कोण नाही म्हणणार? मध्येच लंकाबाई उठली आणि हातवारे करून काहीतरी बोलायला लागली. मी समजलो, पाठिंबा देतेय. मी मोठ्यानं म्हणालो, "अगदी बरोबर, लंकाबाई. बसा आता." बसली बिचारी.

एकूण मामानं मैदान मारलं. तुझ्या आईला सांग.

तुझा,
मामा


अहिल्यानगर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

सा. न. तुमचे उपकार कसे फेडू? ऑफिसात मी सगळ्यांना पेढे दिले. परवेझ सरांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "एकमतानं? गावात? तुझ्या मामांनी काय पिस्तूल दाखवलं काय?"

प्रारूप आराखडा परवा प्रसिद्ध झाला. आता अकरा मार्चपर्यंत हरकती घेता येतील, मग सुनावणी, मग अंतिम मंजुरी. एकदा अंतिम झाला की चौदा नंबरचं काम सुरू. हरकत काही येणार नाही. या आठवड्यात आमचे लोक नंबरांचे दगड रोवायला येतील, त्यांना चहा पाजा.

मुखपृष्ठ फार देखणं झालंय. लंकाबाईंना एक प्रत देणार आहे.

तुमची,
अश्विनी


१९ फेब्रुवारी २०२५

अश्विनी,

मायना राहू दे.

तुझी माणसं दगड रोवून गेली. संध्याकाळी लंकाबाई घरी आली आणि माझा हात धरून मला ओढ्यापलीकडं घेऊन गेली. मशीन लावलं होतं, नवा सेल होता. चौदा नंबरचा दगड तिच्या चुलीपासून दोन पावलांवर आहे. तू जो गोठा म्हणतेस ते तिचं घर आहे, पोरी.

आणि ते अवशेष नाहीत. ती खडकवस्ती आहे. बावीस घरं ऊसतोडीची. दिवाळी झाली की ही माणसं घरावरचे पत्रे उतरवून सोबत नेतात, कारखान्याच्या तळावर कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर टाकायला. मागं ठेवले तर चोरीला जातात. गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली की पुन्हा पत्रे चढवतात. गायरानात बसलेली वस्ती, त्यामुळे कागद कुणाकडंच नाही. तू डिसेंबरात आलीस. पावसाळ्यात आली असतीस तर तुला त्या मोकळ्या जागेत पाय ठेवायला जागा मिळाली नसती.

मी लंकाबाईला म्हणालो, बाई, तू त्या मुलीला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "ती झाडाचं इचारीत हुती, मी झाडाचं सांगितलं. घराचं तिनं इचारलंच न्हाई." मग म्हणाली, "आन् गुरुजी, सभेत मी काय भजन म्हनत हुते का? हेच तर सांगत हुते, तितं घरं हाईत म्हनून. तुमी म्हनला अगदी बरोबर, बसा."

एकोणसत्तर वर्षांचा झालो, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मामीनं विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं, सेलसकट. आता ती माझ्याशी खुणांनीसुद्धा बोलत नाही.

आराखडा मागे घे. कसं ते मला माहीत नाही. तूच मार्ग काढ.

मामा


अहिल्यानगर
२२ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मग ड्रोनचे फोटो मोठे करून बघितले. एका पडीक अवशेषात रांगोळी आहे, दुसऱ्यात भिंतीवर मुलाची उंची मोजल्याच्या खुणा. दोन्ही मी डिसेंबरात बघितलं होतं आणि 'लोककलेचे नमुने' असं लिहून ठेवलं होतं. नगर रचनेची पदवी घेतली, पहिल्या वर्गात पास झाले, आणि मला घर ओळखता आलं नाही. आई म्हणाली, "आजोळच्या गावात जाऊन असं केलंस?" आणि माझं ताट वाढून आत निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

परवेझ सरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "पेढे कुठले होते गं?" मग ठरावाची प्रत काढून वाचली. शेवटी म्हणाले, ग्रामसभेचा एकमताचा ठराव आहे, त्यामुळे ऑफिसनं आपण होऊन खोडलं तर चालणार नाही. तिथं राहणाऱ्यांनीच हरकत घ्यायला पाहिजे. प्रत्येक घराची वेगळी, सहीनिशी, अकरा मार्चच्या आत. नाहीतर कागदावर ती जागा कायमची मोकळी.

आणि राहणारे परत येणार पाडव्याला, म्हणजे तीस मार्चला.

हरकतीचा मसुदा मी स्वतः लिहिलाय. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "सदर जागा मोकळी नसून आम्ही तेथे राहतो. नकाशा करणाऱ्यांनी पाहणी आम्ही ऊसतोडीला गेल्यानंतर केली व कोणासही विचारले नाही." अजून कडक लिहिलं होतं, सरांनी दोन विशेषणं काढली. तेवीस प्रती सोबत पाठवतेय. मी स्वतः कारखान्यावर जाऊन सह्या घ्यायला तयार आहे, पण सर म्हणतात, आराखडा करणाराच हरकती गोळा करत फिरला तर त्या सगळ्या बाद होतील.

मामा, तुम्हाला जमेल? नाही म्हणालात तरी मला बोलायला तोंड नाही.

अश्विनी


९ मार्च २०२५

चि. अश्विनीस,

जमलं. आधी तेवढं सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

दोन बस बदलून आणि शेवटचे सहा किलोमीटर ट्रॅक्टरवर बसून गेलो. नगर स्टँडवर अर्धा तास होतो, पण तुला कळवलं नाही. दोन दोषी एकत्र दिसू नयेत असं वाटलं. पिशवीत मशीन, सेलची चार पाकिटं, तुझे कागद आणि मामीनं दिलेल्या भाकरी. होय, ती बोलायला लागली. "सह्या घेतल्याशिवाय येऊ नका" हे पहिलं वाक्य.

कारखान्याच्या तळावर पोचलो तेव्हा सगळे उसाच्या फडात होते. कोप्यांची ओळ होती आणि वर आपल्याच गावचे पत्रे. एका पत्र्यावर मी शाळेसाठी रंगवलेला 'स्वच्छता' हा शब्द अर्धा दिसत होता. शाळेचा पत्रा बदलला तेव्हा जुना कुणी नेला ते इतक्या वर्षांनी कळलं.

दुपारी गाड्या आल्या. सगळ्यांत पुढं लंकाबाईचा मुलगा राधाकृष्ण. याला मी चौथीत दोनदा नापास केलं होतं. पाया पडला. मी सगळं सांगितलं, माझ्या भाषणासकट. मला वाटलं, आता हे मला उसाबरोबर गाडीत भरतील. राधाकृष्ण हसला. म्हणाला, "गुरुजी, तुमी रोज हजेरी घ्यायचा. दिवाळीनंतर आमच्या नावापुढं काय लिवायचा?"

मी लिहायचो 'गैरहजर'. नोव्हेंबर ते मार्च, लाल शाईनं. एकतीस वर्षं. ही मुलं कुठं आहेत ते मला पक्कं ठाऊक होतं, तरी शेरा तोच. तू एकदा येऊन एक नकाशा चुकवलास. मी तर पिढ्यान् पिढ्या चुकवल्या आणि निवृत्तीला शाल-नारळ घेतला. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी आपली मामा-भाचीची जोडी आहे.

राधाकृष्ण म्हणाला, "जाऊ द्या. सही कुटं करायची ते दावा." वीस घरांच्या सह्या तिथंच झाल्या. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवून, उसाच्या चिकट हातांनी. त्यामुळे कागदांना मुंग्या लागल्यात, क्षमा असावी. सही सगळ्यांना येते, तेवढं माझ्या हातून झालं. दोन घरं दुसऱ्या कारखान्यावर होती, त्यांचे कागद मुकादमानं ट्रकवाल्याबरोबर पाठवून परत आणवले. लंकाबाईनं अंगठा दिला आणि म्हणाली, "दोन देऊ का?"

उद्या पाथर्डीला जाऊन तेवीसही हरकती स्वतःच्या हातानं देतो आणि पोच घेतो.

तुझा,
मामा


२ एप्रिल २०२५

चि. अश्विनीस,

काल सुनावणीला मी पहिल्या रांगेत होतो हे तू पाहिलंसच. पण घाईत मशीन घरी राहिलं. मी तीन तास नुसती तोंडं हलताना बघितली. तू उभी राहिलीस, पदरानं डोळे पुसणारी लंकाबाई, मग सगळे हसले, मग साहेबांनी शिक्का मारला. एवढंच कळलं. या लोकांना विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि आपणच जास्त बोललो म्हणतो. तूच काय ते नीट लिही.

मामा


अहिल्यानगर
६ एप्रिल २०२५

ती. मामांस,

सा. न. सेलची चार पाकिटं घेऊन कारखान्यावर जाणारा माणूस सुनावणीला मशीन विसरतो, हे मी परवेझ सरांना सांगितलं. ते म्हणाले, आता मला तुझी आनुवंशिकता कळली.

ऐका. साहेबांनी पहिली हरकत वाचली आणि विचारलं, आराखडा करणाऱ्यांचं यावर काय म्हणणं? मी उभी राहिले. सरांनी मला एक वाक्य पाठ करून दिलं होतं, 'पाहणीच्या कालावधीमुळे तफावत आढळते.' ते तोंडातून निघेना. मी म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. मी लोकांची घरं बघितली आणि मोकळी जागा लिहिलं. या आजींचं घर मी गोठा धरलं." लंकाबाई डोळे पुसत होत्या त्या तेव्हा. मला वाटलं माझ्या बोलण्यानं गहिवरल्या. त्या हसत होत्या, मामा. हसून हसून पाणी आलं होतं. मग सगळेच हसायला लागले.

मग त्यांनी हात वर केला आणि बोलायला उठल्या. शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण मी टिपून घेतलेत. "झाडं नको कुनी म्हनलं? लावा की. पन आमी गावात हाय तवा लावा. आखाडात लावली तर दसऱ्यापोतर आमी पानी घालू, फुडं ती आपली आपन जगली पायजेत. हिवर लावा, बोर लावा, लिंब लावा. ते मऊ पानाचं शोभंचं झाड माजी शेळी एका दिसात संपवंल. आन् तळं उजवीकडं कशाला? उजवीकडं उंच हाय म्हनून तर आमी तितं बसलो. पानी चढतंय डावीकडं. ह्या पोरीला मी सांगितलं हुतं."

सांगितलं होतं. माझ्या वहीत आहे, अठरा नंबरचा प्रश्न, 'पुराचे पाणी डाव्या काठाला जुन्या हिवरापर्यंत येते.' मी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि डाव्या काठाला बाजाराच्या गाड्यांसाठी वाहनतळ आखला. कारण उजवी बाजू 'मोकळी' होती.

साहेबांनी वही मागून घेतली, तारीख बघितली. वाहनतळ रद्द केला. डावा काठ हिवरापर्यंत हिरवा पट्टा, पाणी पसरायला मोकळा, तिथं बांधकाम नाही. आणि चौदा नंबर हिरव्यातून काढून लिहिलं, 'खडकवस्ती, घरे २३.' शिक्का मारला तो त्यावर. राधाकृष्ण माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, आमच्या वस्तीचं नाव सरकारी कागदावर पयल्यांदा आलं. तुमी चुकला नसता तर आलंच नसतं." मला रडू आलं. चूक केल्याबद्दल माझे कुणी आभार मानेल असं वाटलं नव्हतं. माझी तेवढी पात्रता नाही.

आखाडात येतेय. वस्तीच्या लोकांबरोबर झाडं लावायला. खड्डे मी खणणार, रोपाला हात लंकाबाईच लावणार. कोरफडीची गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितलीय.

तुमची,
अश्विनी


३ नोव्हेंबर २०२५

चि. अश्विनीस,

आशीर्वाद. काल वस्ती गेली. पत्रे उतरले, ट्रक भरले, दारांना काट्या लागल्या.

सप्टेंबरात ओढा आला तेव्हा पाणी डाव्या काठाला बरोबर हिवरापर्यंत चढलं, एक हातही पुढं नाही. लंकाबाई पावसात छत्री घेऊन मला ते दाखवायला आली होती. तुझा वाहनतळ असता तर बाजारकऱ्यांच्या गाड्या तिसगावच्या पुढं जाऊन शोधाव्या लागल्या असत्या. तुम्ही लावलेल्या एकशेदहा झाडांपैकी एकोणऐंशी जगलीत. नऊ झाडं शेळ्यांनी खाल्ली, बाकीच्यांचं काय झालं ते मी तुला विचारणार नाही, कारण ती तुझ्याच रांगेतली होती.

जायच्या आधी लंकाबाईनं एक कल्पना काढली. म्हणाली, "गुरुजी, त्या पोरीचं यंत्र वरून बगतंय न्हवं? मग वरून वाचाया येईल आसं लिवा." छप्पर काढलेलं घर वरून उघडंच असतं. चुन्यात गोंद घालून मी प्रत्येक घराच्या जमिनीवर त्या घराचं नाव लिहिलं. शाळेच्या मैदानावर आखायचो तसं, पण अक्षरं हातभर. बावीस नावं. गुडघे गेले. लिहिताना लक्षात आलं, ही तीच हजेरी आहे. फक्त शेरा वेगळा.

लंकाबाईच्या घरावर पत्रे असतात, त्यामुळे तिचं पत्र्यावर लिहावं लागलं. पांढऱ्या ऑईलपेंटनं. मी शिडीवर, मामी शिडी धरून, लंकाबाई खालून मजकूर सांगतेय. काय लिहिलं ते सांगणार नाही. तिनं शपथ घातलीय. तुझं यंत्र आलं की वाच.

तुझा,
मामा


अहिल्यानगर
१६ डिसेंबर २०२५

ती. मामांस,

सा. न.

शेजारच्या गावाच्या पाहणीला आज ड्रोन उडवला. सर म्हणाले, ओढ्यावरून एक फेरी मार. मी पडदा धरून बसले होते, सर मागं उभे.

बावीस घरं, बावीस नावं. राधाकृष्णांच्या घरात नावाखाली रांगोळीही राखलीय तुम्ही. सरांनी एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि शेवटी म्हणाले, "सगळे हजर."

मग पत्रा आला. उन्हात इतका चमकत होता की आधी काही दिसेना. ड्रोन थोडा खाली घेतला.

'लंकाबाईचं घर. गोठा न्हाई. पुढच्या बारीला च्या प्यायला ये.'

मी निघालेय, मामा. हे पत्र पोचायच्या आधीच पोचेन. मशीन लावून ठेवा.

अश्विनी